दोनच मास्क

“दाजी, नाकाच्या वर घ्या. अन् पाहुण्यांची गाडी परत फिरेपर्यंत खाली करायचा न्हाई,” व्यंकट म्हणाला.

ग्यानोबानं मास्क वर ओढला. निळा, कापडी, त्यावर बारीक पांढरे ठिपके. “कोरोना गेला की रे आता.”

“कोरोना गेला. तुमचं तोंड हाय तिथंच हाय.”

मनात आलं की ओठावर आलंच, ही ग्यानोबाची खोड साऱ्या औसा तालुक्याला माहीत होती. स्वतःच्या बघण्याच्या कार्यक्रमातसुद्धा त्यानं पुढं आलेल्या ताटाला नावं ठेवली होती. पुढं त्याच्या बायकोनं, सिंधुनं, यावर इलाज शोधला. ती शेजारी बसायची आणि वेळ आली की त्याच्या डाव्या मांडीला चिमटा घ्यायची.

सिंधुला जाऊन दीड वर्ष झालं. तेवढ्यात लेकीची, आरतीची, दोन स्थळं आली आणि मोडली. पहिल्या नवरदेवाला त्यानं विचारलं, “केस रंगवता का?” दुसऱ्या वेळी मुलाची आई म्हणाली, आम्हाला शांत मुलगी पाहिजे. ग्यानोबा म्हणाला, “मग तुम्ही चुकीच्या घरी आलात.”

आरती दोन्ही वेळा रागावली नाही. पण ती सत्तावीस वर्षांची झाली होती. रोज सकाळी सिंधुच्या फोटोला हार घालताना ग्यानोबा कान धरायचा. आपल्या तोंडापायी आईविना पोर घरात बसून राहणार, ही भीती त्याला खात होती. आजचं स्थळ तर सिंधुच्या भावानं, व्यंकटनं, स्वतः आणलेलं. मुलगा मुदखेडचा, हरिओम. त्याचा फोटो बघून आरती पहिल्यांदाच म्हणाली होती, “बरा हाय.”

जीप दारात थांबली. हरिओम उतरला, त्याची आई कस्तुराबाई उतरली. मागून वडील शेषेराव उतरले. त्यांच्या तोंडाला मास्क होता. निळा, कापडी, बारीक पांढरे ठिपके.

“यांना धुळीचा लई त्रास हाय,” कुणी विचारायच्या आतच कस्तुराबाई म्हणाली.

“आमच्याबी दाजींना,” व्यंकट घाईनं म्हणाला आणि पंख्याकडं बघू लागला.

दोघा बापांनी हात जोडून रामराम केला आणि ते समोरासमोर बसले. पाऊसपाणी, सोयाबीनचा भाव, जीपचा रस्ता, सगळं व्यंकट आणि कस्तुराबाईच बोलले. शेषेरावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, मग हातातल्या घड्याळाकडं. भिंतीवरचं वीस मिनिटं मागं होतं. त्यांचा मास्क दोनदा आत-बाहेर झाला, पण शब्द बाहेर आला नाही.

आरतीनं ताटल्या आणल्या. भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा सुशीला, वर शेंगदाणे, कोथिंबीर. आता खरी पंचाईत झाली. पुढं आलेली ताटली तशीच ठेवली तर स्थळ नापसंत, असाच अर्थ निघतो. दोघांनी मास्क हनुवटीवर घेतले आणि एक एक घास तोंडात टाकला.

ग्यानोबाचा घास गालातच थांबला. मीठच नव्हतं. रोज अगदी बेतात मीठ घालणारी ही पोरगी. पाहुणे आले की हिचा हात नेमका चुकायचा. मागं दोन्ही वेळा हेच झालं होतं. समोर शेषेरावांचाही जबडा थांबला होता. दोघांची नजरानजर झाली. दोघांनी घास गिळला आणि एकदमच मास्क वर ओढले.

“लई छान झालाय हं सुशीला,” कस्तुराबाई म्हणाली.

“एक नंबर,” व्यंकट म्हणाला.

मास्कच्या आत ग्यानोबाला घाम फुटला. डावी मांडी त्यानं स्वतःच घट्ट धरून ठेवली होती. निभावलं, असं तो मनात सिंधुला सांगणार, एवढ्यात हरिओम बोलला.

“यात मीठ न्हाई.”

कस्तुराबाईनं कपाळाला हात लावला. “व्यंकटभाऊ, तुम्ही दोनच मास्क कसे आणले हो? मी तीन सांगितले होते!”

आतल्या दारातून आरती खळखळून हसली. दीड वर्षात त्या घरात असं कुणी हसलं नव्हतं.

शेषेरावांनी मास्क काढून खिशात कोंबला. “मघापासून जीभ चावून बसलोय मी! अन् पाव्हणं, घड्याळ वीस मिनिटं मागं हाय तुमचं.”

ग्यानोबानंही मास्क काढला. “हाव. सेल बदलायचं काम हिच्या आईचं होतं.”

पुढच्याच क्षणी शेषेराव “आयं गं” म्हणून जागच्या जागी उडाले. कस्तुराबाईचा हात त्यांच्या मांडीजवळून मागं गेला.

“घ्या वहिनी, घ्या चिमटा,” ग्यानोबा म्हणाला. “त्याशिवाय माणसाला करमत न्हाई.”

मग आरतीनं मिठाची वाटी आणून मधे ठेवली. हरिओम घोरतो, आरती तापट आहे, मुदखेडच्या घरात उन्हाळ्यात पाणी कमी येतं, सगळं बोलून झालं. सुशीला दोनदा वाढून घेतला गेला. पाहुणे होकार देऊन गेले.

जीप वळल्यावर ग्यानोबा पायरीवर बसला. “तरी बाई, मीठ आजच विसरायचं होतं का? माझा जीव गेला असता.”

“विसरले न्हाई, नाना.” आरती त्याच्या डाव्या बाजूला येऊन बसली. “दवाखान्यात असताना आईनंच सांगून ठेवलं होतं. बघायला येतील त्यांना अळणी सुशीला द्यायचा. तोंडावर सांगेल त्याच्याबरोबर जन्म निघतो, म्हणाली. तिनंबी तसंच केलं होतं. चौघं येऊन गेले, चौघांनी छान झालाय म्हणून खाल्ला. पाचवे तुम्ही.”