नाममुद्रा

गीतांच्या स्वामित्वधनावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयात द्वारकाबाईंनी यजमानांची वही उघडली, तेव्हा अधिकाऱ्यांनी चहाचा पेला बाजूला सारला. चाळीस वर्षे रेडिओवर ‘रचना गोपाळबुवांची’ म्हणून सांगितले जाणारे पद तिथे खाडाखोडीसह, यजमानांच्या हस्ताक्षरात होते.

“पण आजी, शेवटच्या कडव्यात ‘गोपाळ म्हणे’ कसं?”

“बुवा ह्यांचे गुरू. गुरुपौर्णिमेला ह्यांनी पद त्यांच्या चरणी वाहिलं आणि स्वतःच्या नावाजागी गुरूंचं नाव घातलं. बुवा रागावले हो! पण हे कुणाचं ऐकतील तर ना!”

अधिकारी हसले. “वहीचा पुरावा पुरेसा आहे. ही रचना गुरूंची नाही, एवढं लिहून सही करा. यापुढे रेडिओवर यजमानांचं नाव येईल.”

ते नाव रेडिओवर ऐकावे, ही एकच आस बाईंनी वैधव्याची अकरा वर्षे उराशी धरली होती. त्यांनी लेखणी घेतली. ‘गुरूंची’ हा शब्द लिहून झाला आणि हात थबकला.

“नाही हो साहेब. ह्यांनी दिलेली गुरुदक्षिणा मी कोण परत मागणारी? अर्ज रद्द करा.”

मग पदर सावरीत त्या संकोचाने म्हणाल्या, “फाडण्यापूर्वी त्यावरचं ह्यांचं नाव मोठ्यानं वाचाल? उखाण्याखेरीज मी ते कधी तोंडानं घेतलेलं नाही.”

अधिकारी उभे राहिले. “रामकृष्ण माधव घैसास.”

बाईंनी डोळे मिटले.

“पुन्हा वाचा,” त्या म्हणाल्या, “अंमळ सावकाश.”