सूचना क्रमांक दोन

१. ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी यावे.

तपासणी करणाऱ्या कार्मिननं रीमाच्या भांगातून बोट फिरवलं आणि ट्यूबलाइटकडे धरलं. बोट चकाकत होतं.

"तेल लावलंय."

"घरचंच आहे," रीमाची आई सुरुची म्हणाली. "आमच्या वाडीतल्या नारळांचं. भेसळ नाही."

कार्मिन हसली नाही. तिच्या हातात वीसएक तारा होत्या, प्रत्येकीच्या टोकाला एक छोटी चकती. त्या मुलीच्या डोक्याला चिकटवल्या की मेंदूचा आलेख पडद्यावर उमटतो. तेलावर त्या चिकटत नाहीत.

३. मुलाला उपाशी आणू नये.

रीमा खाऊन आली होती. तांदळाची भाकरी, चहा. सकाळी तेल लावून वेणी घालताना ती सारखी मान सोडवून घेत होती, काहीतरी पुटपुटत होती. सुरुचीनं तिला मधेच थांबवून कंगव्यानं तिच्या खांद्यावर टकटक केलं होतं. डॉक्टरांकडे जायचं तर नीटनेटकं जावं. त्यानंतर वटारपासून फुलपाड्याच्या दवाखान्यापर्यंत रिक्षात ती एक शब्द बोलली नव्हती.

अकरा वर्षांची. पहिलं अक्षर बघायची आणि पुढचं मनानं ठोकून द्यायची. शिकवणीच्या बाईंनी सांगितलं होतं, रोज पाच ओळी वाचून घ्या, कशाच्याही, आणि अंदाजे वाचलं की तिथंच थांबवा. सुरुची थांबवायची. भाजी चिरता चिरता थांबवायची. ओळीकडे न बघताही थांबवायची.

कधी कधी रीमा मधेच थिजायची. डोळे उघडे, पाच-दहा सेकंद. हाक मारली तरी नाही. डॉक्टर म्हणाले होते, लक्ष नाही की मेंदूत काही होतंय, ते आलेखाशिवाय सांगता येणार नाही. दीड महिन्यानं आजची तारीख मिळाली होती.

मधल्या काळात ती पाचवीच्या फेरपरीक्षेतही नापास झाली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, सोमवारपर्यंत रिपोर्ट आणा, विचार करू. नाहीतर पुन्हा पाचवी. यंदा पाचवीत तिचा धाकटा भाऊ येणार होता. विघ्नेशनं परवा जेवताना सांगूनही टाकलं होतं, "खिडकीकडची जागा माझी हां, ताई."

आज शनिवार.

४. सोबत एकाच नातेवाइकाने थांबावे.

बाहेरच्या बेसिनवर सुरुचीनं रीमाचे केस धुतले. हात धुवायचा साबण, करंगळीएवढी धार.

"ह्या नळाला पानी असंच येतं," कार्मिन दारातून म्हणाली. "जरा लवकर, ताई. पुढचं बाळ झोपेचं औषध देऊन आणलंय. ते उठलं तर त्याचाही दिवस गेला."

सुरुची घासत राहिली. तेल पांढरट झालं, गेलं नाही. रीमाच्या मानेवरून पाणी फ्रॉकच्या आत उतरत होतं. एरवी एका जागी न बसणारी ती पोर जराही हलली नाही.

कार्मिननं तरी चकत्या लावल्या. निम्म्या घसरल्या. त्या तिनं टेपनं दाबल्या.

"डोळे मीट, बाय. उघड. मीट."

पडद्यावर काळ्या रेघा उमटल्या. जाड, वेड्यावाकड्या, एकमेकींत गुंतलेल्या, कंगव्यात अडकलेल्या केसांसारख्या. सुरुचीनं तोंडावर ओढणी धरली.

"हे... हे हिचं डोकं?"

"नाही ताई. हे तेल."

बाहेरून बाळाच्या आईनं दार वाजवलं.

५. तपासणी न झाल्यास नवी तारीख घ्यावी.

"तीन आठवड्यांनंतरची आहे," कार्मिन म्हणाली.

"सोमवारी शाळेत द्यायचंय."

"मशीनवर मी शनिवारचीच असते."

"मग नुसतं लिहून द्या. तपासणी चालू आहे, एवढंच."

"माझ्या लिहिण्याला कोण विचारतं? डॉक्टरांची सही लागते. आलेख असता तर तो पाठवून उद्या रिपोर्ट मागवला असता; चिठ्ठीला ते स्वतः लागतात, आणि ते सोमवारी येतात, संध्याकाळी."

"शाळा दुपारी सुटते."

रीमाच्या डोक्यावरच्या चकत्या कार्मिननं एकेक करून काढल्या, कापसानं कपाळ पुसलं. मग फाइलीतून सूचनांचा कागद काढला. नवी तारीख त्याच्यावरच लिहायची होती. पेन टेकवता टेकवता ती थांबली.

२. आदल्या दिवशी केस शॅम्पूने धुवावेत. तेल लावू नये.

"एवढं ठळक छापलंय," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, नुसता थकला होता. "घरात कोनीच वाचलं नाही हे?"

सुरुचीनं कागद हातात घेतला. दीड महिन्यापूर्वी तिनं त्यावरची तारीख तेवढी पाहिली होती आणि तो फाइलीत घातला होता. आता त्याचे कोपरे मऊ पडले होते. पाचही ओळींखाली पेन्सिलीचे ठिपके होते, अक्षरागणिक एक. दुसऱ्या ओळीखाली ते इतक्यांदा दाबले होते की कागदाला भोकं पडली होती.

खुर्चीत बसल्या बसल्या रीमानं बोट वर केलं. वर्गात ती कधी करायची नाही.

"मी वाचलं. सकाळी सांगितलं ना तुला, आई. तू म्हणालीस, अंदाजे वाचू नको."