लोण्याचं बोट

कडब्याच्या गंजीत सापडलेलं मांजराचं रानटी पिल्लू सकाळपासून कोंबड्यांच्या डालग्याखाली फिसकारत होतं अन् ठकुबाईचा पाय एका जागी ठरत नव्हता. पंजांना लोणी फासून चुलीपुढं चाटायला लावलं की मांजर ती चूल जन्मात सोडत नाही, ही सासूची शिकवण. बोटावर लोणी घेऊन ती दोनदा डालग्याशी गेली, दोनदा परतली. “लाव की आता! उंदरांनी बियाणं फस्त केलंय,” नवरा ओट्यावरून खेकसला. ठकुबाईनं दाराबाहेर बघितलं. पिंपरीच्या नव्या कारखान्यासाठी मोजणीवाल्यांनी आखलेली चुन्याची रेघ अंगणातून गेली होती. सत्तावन्न साल सरायच्या आत घर पडणार होतं. “आपून जाऊ चिखलीला. ह्ये मातुर चूल हुडकत ढिगाऱ्यात फिरंल,” म्हणत तिनं डालगं उचललं. पिल्लू रेघ ओलांडून सुसाट पळालं. ठकुबाई चुलीपुढं बसली अन् बोटावरचं लोणी तिनं स्वतःच चाटलं.