बोटीची वाट

पाण्याची बोट समोर उभी होती, आणि वस्तीला घोटभर पाणी मिळत नव्हतं.

मध्ये बांध आडवा. परवापर्यंत तिथे बोटीपुरती फट होती, ती अवदनं काल बुजवून टाकली. ती जागा मोकळी ठेवायची म्हणून मुकादम शलबीनं खुणेच्या दोन बोरूच्या काठ्या रोवल्या होत्या, त्या वाऱ्यानं पडल्या, आणि हा पठ्ठ्या गाळ टाकत सुटला. आमचे मंझला तळ्याचे कोळी असेच. कालव्याचा गाळ हातांनी उपसायचा, छातीशी दाबून पाणी पिळायचं, गोळा पाठीवर टाकून बांधावर रचायचा. एकदा हात लागला की थांबणं माहीत नाही. आज बंदराचं एवढं मोठं शहर मिरवतंय ते ह्याच गाळावर. तेव्हा मात्र समुद्र आणि तळ्याच्या मधल्या वाळूवर बोरूच्या चार झोपड्या होत्या, आणि पिण्याचं पाणी दमयातहून बोटीनं यायचं. वस्तीची टाकी कालच कोरडी पडली होती.

"अरे, काठी दिसली नाही तर विचारायला तोंड नव्हतं का तुला?" शलबी ओरडला.

अवदचं सगळं लक्ष आपल्या झोपडीकडे होतं. त्याची बायको नबविया पहाटेपासून कळा देत होती. सुईण धावत आली ती त्याच्याकडे न बघता मुकादमाकडेच गेली.

"ओठ फुटलेत पोरीचे. अंगात जोर उरला नाही. पाणी द्या, नाहीतर दोन कबरी खणा."

"बांध फोडतो," अवद म्हणाला.

"फोड!" शलबी उसळला. "वाऱ्यानं तळं फुगलंय. दोन्ही बाजूंचा बांधही अजून ओला आहे. शंभर हात वाहून जाईल. दोनशे माणसांनी महिनाभर हाडं झिजवलीत त्याच्यासाठी."

बोट दुसरीकडे लावायची सोय नव्हती, सगळी उथळ दलदल. काल बुजवलेला बांध वरून कडक दिसत होता, पण आत नुसतं लोणी. कोणीतरी चटई टाकून पाहिली. गाळानं चटईच गिळली.

अवदनं अंगरखा काढला आणि त्याच बांधावरून बोटीकडे चालू लागला. तिसऱ्या पावलाला कमरेपर्यंत गेला. लोक ओरडले. मग छातीपर्यंत गेला, आणि थांबला. खाली जुन्या तळाला पाय टेकले होते.

"दसूकीकाका, घागर सोडा!"

म्हातारा नावाडी बोटीच्या काठावरून ओणवला. अवदनं घागर छातीशी कवटाळली, गाळाचा गोळा धरावा तशी, आणि वळून शलबीच्या हातात दिली. शलबीमागे माणसांची रांग लागली.

"पहिली तिला," अवद म्हणाला.

घागरीमागून घागर येत राहिली. गाळ बगलेपर्यंत चढला.

"दोन घोट घे रे," शलबी म्हणाला.

"ती प्यायली का?"

कोणालाच माहीत नव्हतं. अवदनं तोंड फिरवलं आणि पुढच्या घागरीसाठी हात पसरले. विसावी झाली, तिसावी झाली. झोपडीतून कसलाच आवाज येत नव्हता. रांगेतलं कोणी कोणाकडे बघेना.

मग बाळ रडलं. पाठोपाठ सुईणीची हाक आली, "दोघंही आहेत रे!"

अवद घागर छातीशी धरून तिथेच हुंदके देऊ लागला.

"रडतोस काय? घागर पुढे कर, माणसं तहानलीत!" शलबी गरजला.

बोट रिकामी झाली तेव्हा दहा जणांनी दोर लावून अवदला वर ओढलं. मागे माणसाएवढं भगदाड उरलं. सवयीनं दोघे-तिघे गाळाचे गोळे छातीशी धरून पुढे सरसावले.

"खबरदार!" शलबी ओरडला. "वारा पडला की हेच मोठं करायचं, बोट इथूनच आत येणार."

शलबीनं त्या दोन काठ्या शोधून आणल्या. भगदाडाच्या दोन्ही अंगांना कोपरभर खोल रोवल्या, हलवून पाहिल्या, आणि घागरीतलं पाणी घटाघट पिणाऱ्या अवदकडे वळून विचारलं,

"आता दिसतात ना रे?"