ड्राइव्हमधली खाण

सोळा. मधुकरने आकडा पुन्हा वाचला. काल संध्याकाळी चौदा ट्रक भरून तो यादीत सगळ्यांत वर होता. आज कोणीतरी सोळा भरून त्याच्या डोक्यावर बसलं होतं. कोणीतरी कसलं? सगुणच तो. दुसरा होताच कोण?

गावची खाण परत सुरू होत होती आणि पोकलेनवर एकच माणूस हवा होता. मधुकरने पोकलेनवर वीस वर्षं काढली होती. खाण बंद पडल्यापासून तो शाळेची बस चालवत होता. शेजारचा सगुण मात्र उभा जन्म ट्रकवाला. पोकलेनखाली गाडी लावायची आणि ती भरेपर्यंत विडी ओढायची, एवढंच त्याचं काम. तरी पुतण्याने दोघांना एकाच माळेत ओवलं. हा पुतण्या निहार, खाणीवरचा नवा सुपरवायझर.

"काका, सायबाक आकडो व्हयो," असं म्हणून त्याने एक काळा ड्राइव्ह पुढे केला होता. त्यात पोकलेनचा गेम होता. गेम एवढा मोठा की दोघांच्याही घरच्या जुन्या लॅपटॉपात मावेना. म्हणून ड्राइव्ह लावायचा आणि तिथूनच खेळायचं. स्कोरही त्यातच राहणार. अर्ध्या तासात किती ट्रक भरले ते बघायचं, आणि शनिवारी ज्याचा आकडा वर, त्याचं नाव साहेबांकडे.

ड्राइव्ह एकच. सकाळी तो सगुणाकडे जाई. दुपारी सगुण तो आणून मधुकरच्या बायकोच्या, आनंदीच्या, हातात देई. मधुकर बसवरून आला की संध्याकाळी खेळे.

त्याने खुर्चीवरची उशी उचलून बाजूला फेकली. "ही हयसर कोण ठेवता रोज?"

"माझी कंबर दुखता. भाजी निवडूक बसतंय," आनंदी म्हणाली.

"आणि लॅपटॉप गरम कसो?"

"खिडकीत ऊन येता."

त्या संध्याकाळी तेराच ट्रक भरले. आनंदी चहा घेऊन मागे उभी होती. "बकेट उचलतानाच मशीन फिरवा. आधी उचलून मगे कित्याक फिरवतास?"

"डबो घेऊन येयस म्हणान तू ऑपरेटर झालंस?"

तिने चहा टेबलावर ठेवला. खाण चालू होती तेव्हा ती रोज डबा आणायची आणि तो झाडाखाली जेवेपर्यंत पोकलेनच्या केबिनमध्ये बसायची. तिला ऊन सोसत नसे.

शुक्रवारी आकडा अठरावर गेला. मधुकरला जेवण गोड लागेना. सगुण कुंपणापलीकडून हसला तरी याच्या पोटात दुखे. ट्रकवाल्याने पोकलेनवर बसावं आणि आपण पोरांची दप्तरं उतरवत राहावं? त्याने देवापुढे नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं, "नोकरी ह्याच घरात येव दे, महाराजा." शेजारी आनंदीनेही हात जोडले.

शनिवारी सकाळी त्याने सरळ लबाडी केली. "आज ड्राइव्ह सगुणाक देव नको. तांदळाच्या डब्यात ठेव. इचारल्यान तर बिघाडलो म्हणान सांग."

"बरा," आनंदी म्हणाली.

संध्याकाळी निहार आला. त्याच्यामागून सगुणही आला. मधुकरने तांदळातून ड्राइव्ह काढून झटकला आणि निहारने तो लॅपटॉपला लावला.

"एकोणीस," निहार म्हणाला.

मधुकरच्या अंगाचा तिळपापड झाला. "सगुणा, माझ्या घरात घुसान खेळलंस?"

सगुण भांबावला. "मधू, माझो चष्मो मंगळवारीच फुटलो. सांगूक लाज वाटली. तेव्हापासून मी ह्यो ड्राइव्ह लावूकच नाय. दुपारी तसोच आणून देय."

निहारने यादी उघडली. प्रत्येक आकड्यापुढे वेळ होती. चौदा, संध्याकाळी सात. सोळा, दुपारी अडीच. अठरा, दुपारी अडीच. एकोणीस, आज दुपारी अडीच.

आनंदीने पदराला हात पुसले.

"निहार," ती म्हणाली, "सोमवारी मी किती वाजता येव?"