त्या बाईचा वाटा

मेंढ्याचं रक्त ओलांडताना फरंगीस खानमनी घरकाम करणाऱ्या शमामचा दंड घट्ट धरला. अंगणात गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. पहिल्या तपासणीत खानमच्या छातीत गाठ निघाली होती, दुसरीत काहीच नव्हतं. म्हणून हा नवसाचा मेंढा.

"काय हो हाजी, एवढ्या लाडक्या बायकोला एकच मेंढा?" शेजारच्या तूबानं खानमच्या नवऱ्याला विचारलं.

"दोन कापले असते तर ती म्हणाली असती, दुसरीची तयारी चाललीय."

सगळ्या हसल्या. खानमही हसल्या. शमामचा दंड मात्र त्यांनी सोडला नव्हता.

बायका गेल्यावर शमाम वाटे करायला बसली. नवसाचं मांस नवस बोलणाऱ्या घरानं खायचं नसतं, सगळं वाटून टाकायचं. ती तुकडे करत होती आणि खानमची मुलगी हाना पिशव्या भरत होती. हाना तेहरानला डॉक्टरकी शिकत होती. आईच्या मागे लागून तपासणी तिनंच करायला लावली होती. मधेच ती हात धुऊन आत गेली, पहिल्या तपासणीची फिल्म घेऊन आली आणि उन्हासमोर धरली.

"मावशी, हे बघ. हा पांढरा डाग. काठ बघ त्याचा, काटे फुटल्यासारखा. असला काठ चांगला नसतो."

शमामनं पाहिलं. डाग तिला वाटला होता त्यापेक्षा लहान होता.

ती फिल्म खरी शमामचीच होती. पहिल्या तपासणीच्या दिवशी खोलीच्या दारात खानमचे पाय अडले. काही वर्षांपूर्वी मशीनच्या दोन फळ्यांमध्ये छाती दाबली होती, ते त्या विसरल्या नव्हत्या. "माझं विम्याचं कार्ड घे, तूच जा आत," त्या म्हणाल्या. शमाम लगेच गेली. इतकी लगेच का, हे त्यांनी विचारलं नाही. उन्हाळ्यापासून गाठ तिच्या हाताला लागत होती. मोहल्ल्यातल्या दवाखान्यात फक्त चिठ्ठी मिळायची. मशीनसाठी विमा लागायचा, नाहीतर पैसे. आत मशीनवालीनं कार्ड पाहिलं, चेहरा पाहिला नाही. दुसऱ्या तपासणीला मात्र खानमना स्वतःच आत जावं लागलं.

"बाबा म्हणतात, मशीन बिघडलेलं असणार," हाना म्हणाली. "मशीन असा काठ काढत नाही. फिल्मची अदलाबदल झालीय. मी फोन केला तर म्हणाले, आमच्याकडे असं होत नाही. म्हणजे या सनंदज शहरात एक बाई आहे मावशी, जिला वाटतंय आपण ठणठणीत आहोत."

"दुखत असेल का तिला?"

"नाही ना. दुखलं असतं तर बरं झालं असतं, कुठेतरी गेली असती. आता बसली असेल मांस चिरत, आपल्यासारखी."

शमामची सुरी थांबली. "वाचेल का?"

"आत्ता आली तर वाचेल. हिवाळा घालवला तर नाही सांगता येत."

शमामनं सुरी खाली ठेवली. "हाना, ऐक..."

"शमाम!" स्वयंपाकघराच्या दारातून खानम म्हणाल्या. "चहाचा समोवार उकळतोय. आत ये."

आत गेल्यावर खानमनी दार लोटून घेतलं.

"सांगणार होतीस?"

"तुम्ही सांगा, खानम. पोर रागावणार नाही."

"पोर नाही रागावणार. हाजी? सगळ्या गल्लीसमोर मेंढा कापलाय त्यांनी. नमाजात रडलेत माझ्यासाठी. आता सांगू, मी भ्याले आणि कामवालीला आत पाठवली? आणि ते आधी कुणाला विचारतील? तू माझ्या कार्डावर गेलीस, शमाम. तुला विचारतील."

शमामनं समोवारची आच कमी केली. तिचा नवरा हाजींच्या गोदामाची राखण करायचा. गोदामामागची खोली हेच त्यांचं घर.

"मग नुसती फिल्म द्या मला."

"माझ्या नावाची फिल्म घेऊन तू कुठे जाणार?"

बाहेर हाना पिशव्यांना गाठी मारत होती. त्याचा चरचर आवाज आत येत होता.

"नवरोज होऊ दे," खानम हळू आवाजात म्हणाल्या. "हाना तेहरानला जाईल, सगळं निवेल. मग मी स्वतः नेईन तुला. तुझ्या नावानं. शपथ."

वसंतात येणाऱ्या नवरोजला, नव्या वर्षाला, अजून अख्खा हिवाळा बाकी होता. शमामनं चहा गाळला आणि पेले तबकात ठेवले.

संध्याकाळी ती निघाली तेव्हा हानानं तिच्या हातात दोन पिशव्या दिल्या.

"ही तुझी. ही त्या बाईची."

"कुठल्या?"

"फिल्मवाल्या. तिची फिल्म आईच्या नावावर आली म्हणून हा मेंढा कापला ना, वाटा तिचाही आहे. ती काही सापडायची नाही. तुमच्या बाजूला कुणी आजारी बाई असेल तर तिला दे."

खानम मागून आल्या. त्यांनी दुसऱ्या पिशवीची गाठ सोडली, कलेजीचा मोठा तुकडा आत टाकला आणि गाठ पुन्हा मारली.

"आहे का अशी कुणी?" हानानं विचारलं.

"आहे."

"डॉक्टरकडे जाते ना?"

"नवरोजनंतर जाणार आहे."

"नवरोजनंतर? वेडी आहे का ती? कुणी अडवलंय तिला?"

शमामनं हानाच्या खांद्यावरून मागे पाहिलं. खानम शाल सारखी करत होत्या.

"कामं असतात घरची," शमाम म्हणाली.

"तिला सांग, मी सांगितलंय म्हणून सांग. उद्याच्या उद्या जा म्हणावं."

"सांगते."

ती उंबऱ्याबाहेर उतरली. पायरीवरचं रक्त तिनंच दुपारी धुतलं होतं, दगड अजून ओला होता. दोन्ही पिशव्या एका हातात घेऊन ती वळली. हाना अजून दारातच उभी होती, तिच्याकडे बघत. काहीतरी विचारणार असल्यासारखी.

"दार लाव, हाना," आतून खानम म्हणाल्या. "थंडी येतेय आत."