लेव्ही पिंकमची चूक

“वहिनी, खोडा तो फटका. अख्ख्या मैदानानं बघितलंय, चेंडू लेव्हीच्या हातातून पडला.”

ओरिन टल्ली टोपी चुरगाळत स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. मर्सी हॅथवेनं मान वर केली नाही. एका पायानं पाळणा हलवत ती मोसमाची यादी पुरी करत होती. गिरणीच्या बेसबॉल संघाची वही तिच्याकडे असे. वर्तमानपत्रात नुसतं ‘एम. हॅथवे’ छापून येई आणि लोकांना वाटे, तिचा नवरा लिहितो. ओरिन संघाचा गोलंदाज आणि गिरणीत नवऱ्याच्या शेजारच्या मागावरचा, म्हणून त्याला खरं ठाऊक.

गोलंदाजांची यादी सरळ होती. ज्याच्या चेंडूंवर सामन्यामागे कमी धावा, तो वर. मात्र दुसऱ्या कुणाच्या चुकीनं निघालेली धाव गोलंदाजाच्या माथी मारायची नाही. चेंडू सुटला तो झेलणाऱ्याची चूक म्हणून की फलंदाजाचा फटकाच चांगला म्हणून, हे मर्सीनं ठरवायचं.

जुलैत तिनं चूकच लिहिली होती. शेवटच्या डावात डाव्या बाजूच्या गड्याचा पाय मुरगळला, म्हणून प्रेक्षकांतून लेव्ही पिंकमला आत बोलावलं. उघड्या हातांत आलेला सोपा चेंडू त्याच्याकडून सुटला. मग त्या चेंडूमागे धावताना तो कुंपणाच्या खांबावर छातीनं आदळला. चौथ्या दिवशी गेला. त्याच्या म्हाताऱ्या आईला शेजारीण वर्तमानपत्र वाचून दाखवते, हे मर्सीला माहीत होतं. मूठमाती देऊन आल्या आल्या तिनं चूक खोडली आणि फटका लिहिला. त्या दोन धावा ओरिनच्या नावावर गेल्या.

“त्या दोन धावांनी दुसरा आलोय मी,” ओरिन म्हणाला. “पहिल्याला बॉस्टनचा मोठा संघ नेणार. दुसऱ्यानं बसायचं परत सुताची धूळ खात. माझा खोकला ऐकताय ना?”

“म्हणून मेलेल्याला डाग लावू? आणि तो त्याच्या आईनं ऐकायचा?”

“मेलेल्याला काय फरक पडतो, वहिनी? मी जिता आहे अजून!”

“पाचच्या गाडीनं यादी जाईल. आहे तश्शी.”

तो दार आपटून गेला. पाळण्यातलं बाळ दचकलंसुद्धा नाही. ते समोरच्या भिंतीकडे बघून हसत होतं, ओळखीचं कुणी दिसावं तसं.

मर्सीनं टाक दौतीत बुडवला. टोक खट्‌कन अडलं. चूल ढणढणत होती, तरी शाईवर बर्फाचा पापुद्रा धरला होता.

भिंतीपाशी लेव्ही उभा होता. अंगात गिरणीचेच कपडे. छाती एका बाजूनं आत गेलेली, बोटं अजून झेल घ्यायला वाकलेली. खिडकीतली उन्हाची तिरीप त्याच्यातून आरपार जाऊन फरशीवर पडली होती.

मर्सीनं आधी बाळाला उचलून उराशी धरलं. मग ती त्याला म्हणाली,

“तुझ्यासाठीच खोडली रे ती चूक. कुणी तुला नावं ठेवू नयेत म्हणून.”

“ठाऊक आहे, बाई.” आवाज मैदानाच्या पलीकडच्या टोकाकडून आल्यासारखा होता. “पण मला बॅट मिळाली नाही. झेल नाही, धाव नाही. चूक गेली आणि माझी ओळ रिकामी झाली. रिकामी ओळ छापखान्यात गाळतात.”

मर्सीनं वहीचं जुलैचं पान उघडलं; लेव्हीच्या नावापुढे सगळं कोरं होतं.

“आई शेजारणीला रोज विचारते, माझ्या लेव्हीचं नाव कुठंय? ती बिचारी त्या सामन्याचं पान उलटंपालटं करून बघते. सापडत नाही.” तो एक पाऊल पुढे आला. “मी खेळलो होतो, बाई. लिहा ना तेवढं. चुकलो म्हणून लिहा.”